न वाचून दाखवलेलं पत्रक

आमच्या घराला बसायची खोली अशी नव्हतीच. वसई गावात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो आणि रस्त्याकडच्या खोलीत दादांचं पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं. दादा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवणारे कंपोझिटर होते. तो छापखाना बंद पडला, मशीन भंगारात निघालं, तेव्हा ते त्यांनी उचललं आणि ट्रकमधून सासुरवाडीच्या तालुक्यात आणलं. पाहुणा आला की तो शिशाच्या अक्षरांच्या लाकडी कप्प्यांना पाठ लागू नये म्हणून अंग चोरून बाकाच्या टोकाला बसे आणि उठताना त्याच्या शर्टाला शाई लागलेली असेच. दिवसभर पायाखाली खट्-खडाक, खट्-खडाक चालू असायचं. तो आवाज थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" खिळे, म्हणजे ती शिशाची अक्षरं, रॉकेलने धुवायचे, त्यामुळे आमच्या भाकरीला, वालाच्या बिरड्याला, अगदी दिवाळीच्या करंज्यांनाही रॉकेलचा वास येतो असं नातेवाईक म्हणत. आम्हाला तो कधी आला नाही. पुढे लग्नानंतर दुसऱ्या घरात जेवायला बसले तेव्हा जेवणात काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, ते हेच असावं.

लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, चर्चच्या सणाचे आणि देवळाच्या उत्सवाचे कार्यक्रम यांवर घर चालायचं. पण मशीन ज्यासाठी होतं ती पत्रकं. एसटीची गाडी बंद केली, पत्रक. शाळेत मास्तर नाहीत, पत्रक. शेतात भराव टाकला, पत्रक. ती पिवळी, गुलाबी, हिरवी पानं आमच्या वह्यांना कव्हर म्हणून लागत, फडताळात डब्यांखाली अंथरलेली असत. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच, तीही आधी शिशातली उलटी अक्षरं आणि मग कागदावरची सुलटी. इतर मुली गोष्टी वाचून मोठ्या झाल्या. मी 'नागरिक बंधू-भगिनींनो' वाचून मोठी झाले. चौदाव्या वर्षी पहिलं पत्रक लिहिलं आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत माझी अशी पक्की समजूत झाली होती की जगात जे काही वाईट आहे ते केवळ नीट लिहिलं न गेल्यामुळे टिकून आहे.

दादांचा एक नियम होता. खाली नाव नसलेला कागद म्हणजे कुचाळकी, असं ते म्हणत. पत्रकावर ज्यांचं म्हणणं, त्यांची नावं हवीत. आणि नावं घालायची तर आधी उंबरा करायचा. 'उंबरा करणं' हा आमच्या घरातला शब्द होता, बाहेर तो कुणाला कळणार नाही. प्रूफ काढलं की आई किंवा दादा ते घेऊन निघायचे आणि ज्याचं नाव खाली यायचं त्याच्या उंबऱ्यावर बसून अख्खं पत्रक मोठ्याने वाचून दाखवायचे. गावातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, पण नियम वाचता येणाऱ्यांनाही तोच होता. वाचून झालं की विचारायचं, "नाव घालू?" लोक ऐकताना भात निवडत, जाळं विणत, मधेच थांबवत. दोन नाय, तीन गाड्या येतात. हा शब्द कडक झाला, भाऊजींना वाईट वाटेल. दादा पेन्सिलीने तिथल्या तिथे बदल करत. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. माझी धारदार वाक्यं लोकांच्या उंबऱ्यांवर बोथट होऊन परत येत.

आईचं माहेर गास गावचं. तिथल्या आळीत हिरामावशी राहायची. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नव्हे, शेजारच्या वाडीतली बालमैत्रीण. नवरा लवकर गेला. दिनेश हा एकच मुलगा. वाडीत केळी, थोडी भाजी, थोडा मोगरा. पावसाळा सरला की ती सुकेळी करायची. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची, असं मधासारखी तांबूस होईपर्यंत दिवसच्या दिवस. मग केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटात बांधून बाजारात. पहिलं बोचकं नेहमी आमच्या घरी यायचं. ते सोडताना बोटं चिकट व्हायची आणि दादा ओरडायचे, "हात धुतल्याशिवाय कागदाला शिवू नका."

त्या वर्षांत नालासोपाऱ्यात इमारती नुसत्या उगवत होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. ते गासच्या विहिरींतून जायचं. टँकर आळीत उभा राहायचा, पाइप विहिरीत सुटायचा आणि तासाभरात पायऱ्या उघड्या पडायच्या. त्या पाण्याने अंघोळ करून कामावर जाणाऱ्या माणसांचा यात काय दोष, हे मला तेव्हा सुचत नव्हतं, आज सुचतं. पण विहीर खारी होत चालली होती हे खरं होतं. हिरामावशीने पुढाकार घेतला. आळीतल्या तेवीस बायकांनी तहसीलदाराला अर्ज दिला. अर्ज आईने लिहिला होता, तीन ओळींचा. विहिरीचं पाणी खारट होत आहे, केळी करपत आहेत, टँकर भरणं थांबवून बंदोबस्त व्हावा. पहिला अंगठा हिरामावशीचा. आणि तिचा दिनेश त्याच टँकरांपैकी एकावर ड्रायव्हर होता. हे आळीला ठाऊक होतं आणि ते कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या घरात यावर काय ठरलं होतं ते मला नंतर कळलं. आईने अर्ज करायचा, मुलाने गाडी चालवायची, आणि जेवताना दोघांनी त्याबद्दल गप्प बसायचं. माणसं अशीही एका घरात राहतात, हे मला कुठल्या पत्रकाने शिकवलं नव्हतं.

मग विधानसभेची निवडणूक आली. आमच्या बाजूने एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. तालुक्यातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पाढे शिकवले होते. चिन्ह मिळालं शिडी. बाजारात लोक त्यांची थट्टा करायचे, "गुरुजी, चढा, पण खालून धरनार कोन?" गुरुजी हसायचे. टँकरचा ठेकेदार समोरच्या उमेदवाराचा प्रचार सांभाळत होता आणि त्याच्या टँकरांवर उमेदवाराचे झेंडे लागले होते. मला वाटलं, हाच तो क्षण. यासाठीच मी वाचायला शिकले.

दादा गुरुजींबरोबर कामणकडच्या गावांत फिरत होते. चिन्ह हातात पडल्यावर मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरले होते आणि पहिलं मोठं पत्रक माझ्यावर सोपवलं होतं. मी ते एका बैठकीत लिहिलं. त्यातली वाक्यं मला आजही पाठ आहेत, पण सगळी सांगणार नाही, लाज वाटते. एक मात्र सांगायलाच हवं. 'आमच्याच कुशीतले मुलगे टँकरच्या चाकावर बसून आमचेच हंडे रिकामे करतात. अशा मुलांना आम्ही घरात घेणार नाही आणि त्यांच्या मालकाच्या उमेदवाराला विधानसभेत जाऊ देणार नाही.' हे कुणाच्या तोंडी? 'गासच्या महिला.' खाली नावं हवीत. नावं माझ्याकडे होतीच, अर्जाच्या कार्बन कॉपीवर, तेवीस. पहिलं नाव हिरामावशीचं.

आई तापाने झोपून होती. गासला जायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि तेवीस उंबरे म्हणजे दोन दिवस. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही होती की ते वाक्य उंबऱ्यावर उरणार नाही. मी स्वतःला समजावलं की सही ती सही. एकदा सत्याच्या बाजूने नाव दिलं की ते दिलं. अर्ज काय आणि पत्रक काय, विहीर तीच आहे. आमच्या घरात वाढलेल्या मुलीलाच असली चूक करता येते. ज्याला कागदाचं वेड नाही तो आधी विचारून येईल.

दोन दिवसांनी संध्याकाळी दादा आले, हातपाय धुऊन प्रूफ घेऊन बसले. दोनदा वाचलं. त्या वाक्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली.

"हिराबाईंचं नाव पहिलं आहे," ते म्हणाले. "उंबरा झाला?"

"झाला," मी म्हटलं.

"हे वाक्य ऐकून 'घाल' म्हणाल्या?"

"हो."

दादांनी चष्मा काढला आणि पुसला. "मोठी बाई आहे," ते म्हणाले, आणि मशीनवर चढले. मला आठवतं, त्यांच्या आवाजात आदर होता. तो आदर मी एका शब्दाने चोरला होता आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. पिवळ्या कागदावर पत्रक छापलं. तळाशी, निवडणूक कचेरीने बजावल्याप्रमाणे, मुद्रक म्हणून आमच्या छापखान्याचं नाव.

पत्रक दुसऱ्या दिवशी सगळीकडे गेलं. नालासोपाऱ्याच्या स्टेशनाबाहेर लोक उभ्या उभ्या वाचत होते. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तीन दिवस मी हवेत होते.

चौथ्या दिवशी दुपारी हिरामावशी आली. उन्हातून चालत आलेली, डोक्यावर पदर, हात रिकामे. ती रिकाम्या हातांनी आमच्याकडे कधी आली नव्हती. आईने पाणी दिलं, तिने तांब्या खाली ठेवला, प्यायली नाही. बाकावर बसली नाही. मशीनसमोर, दारातच खाली बसली.

"दादा," ती म्हणाली, "तुमचा कागद मना वाचून दाखवला. पन तुमच्यातल्या कोनी नाय. दिनेशनं दाखवला."

मग तिने जे सांगितलं ते सलग सांगितलं, रडली नाही. टँकरच्या अड्ड्यावर पोरांनी पत्रक दिनेशच्या गाडीच्या काचेला चिकटवलं होतं. दिवसभर त्याला हाका मारत होते, काय रे, आईनं घराबाहेर काढला ना, झोपतोस कुठे? तो कागद काढून घरी घेऊन आला, ती भाकऱ्या थापत होती, तिच्यासमोर बसला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणत राहिली की हे मी नाय बोलले. त्याने तिचं नाव बोटाने दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण अर्जाच्या वेळी माझ्या आईने तिला तिचं नाव कसं दिसतं ते दाखवलं होतं. तेवढं तिला ओळखू आलं. दिनेश जेवला नाही. अंथरूण गुंडाळलं आणि कामणला गेला, तिथे एका गोदामात राहतो म्हणे. ठेकेदाराने त्याची गाडी काढून घेतली होती आणि निरोप पाठवला होता की म्हातारीने कुठेच सही केली नाही असं छापून आणलं, तर पोराला गाडी परत देईन आणि घरी पाठवीन.

दादा माझ्याकडे बघत होते. ते तेव्हा मला काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं मी पुढे तीस वर्षं म्हणत आले आहे.

शेवटी ते मावशीला म्हणाले, "हिराबाई, चूक आमची आहे. तुम्हाला न विचारता नाव घातलं, हे मी छापतो. माझं नाव घालून, माफी मागून छापतो. पण तुम्ही अर्जावर अंगठा केला आहे. केलाच नाही असं कसं छापू? तो अर्ज खोटा ठरला तर विहीर गेली."

हिरामावशी म्हणाली, "तुमच्या पोरीनं माझ्या तोंडात घातला तो छापलात. आता मी माझ्या तोंडानं सांगते तो छापा."

आईने तोंडाला पदर लावला. दादा उठले, मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंपोझ कर."

मावशी सांगत गेली, मी अक्षरं जुळवली. पाचच ओळी होत्या. मी गासची राहणारी. मी कोणत्याही अर्जावर किंवा पत्रकावर अंगठा वा सही केलेली नाही. माझं नाव कुणीतरी खोटेपणाने घातलं आहे. विहिरीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या मुलावर माझा राग नाही. पहिली सोडली तर शेवटची ओळ तेवढी पुरती खरी होती. दोनदा माझ्या हातून खिळे सांडले आणि दादांनी खाली बसून ते एकेक करून वेचून दिले. प्रूफ निघालं. तेव्हा दादा म्हणाले, "उंबरा."

मी तिच्यासमोर दारात बसले आणि वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. 'तक्रार नाही' या ओळीपाशी तिने मला थांबवलं. मला वाटलं, आता ती नको म्हणेल. देवाला न मानणारी मी, तेव्हा मनात काय काय म्हटलं असेल. ती म्हणाली, "'पानी गोड हाय' असा पन घाल. ठेकेदारानं सांगितलंय."

मी घातलं. "नाव घालू, मावशी?"

"घाल," ती म्हणाली. "आता विचारतेस तर घाल."

छापायच्या आधी दादांनी तळाशी मुद्रकाची ओळ स्वतःच्या हाताने बसवली. ती नसती तर बरं, असं मी पुटपुटले. ते म्हणाले, "नावाशिवाय कागद या दारातून जाणार नाही." कागद पिवळाच होता. दुसरा शिल्लक नव्हता.

पुढचं सांगायला फार काही नाही. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत भोंगा लावलेली रिक्षा गासच्या आळ्याआळ्यांतून फिरली आणि तिच्यावरून मावशीचं पत्रक वाचून दाखवलं गेलं. वाचणारा शेवटी मुद्रकाचं नाव दोनदा घ्यायचा आणि हसायचा. तोच छापखाना, बघा, सकाळी एक छापतो, संध्याकाळी दुसरं. बाकीच्या बावीस जणींपैकी एकीनेही आम्हाला दोष दिला नाही. त्या फक्त तहसीलदाराकडे जाऊन आपापले अंगठे परत घेऊन आल्या. गुरुजी पडले. निकालाच्या दुपारी ते आमच्या बाकाच्या टोकाला बसले आणि शाळेतल्या पोराला समजवावं तसं मला म्हणाले की हे पडणं पत्रकामुळे नाही, आपण असेही पडणारच होतो. ते खरं असेल. त्याने माझं काय हलकं होणार? अर्ज दिल्यापासून टँकर विहिरीवर निदान लपून यायचे, आता ते दिवसाढवळ्या रांगेने येऊ लागले. विहिरीबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती, तसं छापलेलंच होतं.

लोक मला म्हणतात, तू स्वतःला कशाला बोल लावून घेतेस, विहीर उपसली ती त्यांनी. बरोबर आहे. त्यांच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही आणि व्हावा असं मला वाटतही नाही. पण त्यांनी निदान मावशीला निरोप पाठवून विचारलं होतं. मी तेवढंही केलं नाही. हे वाक्य मला कितीदा खोडावंसं वाटलं आहे.

आणि दिनेश आला नाही. ठेकेदाराने गाडी दिली, पण तो घरी गेला नाही. मावशी पत्रकं घेऊन कामणला गेली होती. गोदामाच्या फाटकावर तासभर बसली. तो आत होता. तिने एक पत्रक वॉचमनकडे आत पाठवलं. ते तसंच परत आलं, घडीही न मोडता. मागाहून कळलं की तो म्हणाला, पयला कागद तिनं छापला नाय ते मना म्हाईत हाय. पन आता मी त्या आळीत कसा जाऊ.

दादांनी त्यानंतर पत्रकं छापली नाहीत. कुणी मजकूर घेऊन आलं की ते म्हणत, मशीन बिघडलंय. मशीन बिघडलेलं नव्हतं, लग्नपत्रिका निघत होत्या. मला ते कधी रागावले नाहीत. फक्त माझं लिहिलेलं काही वाचायला दिलं की चष्मा शोधत नसत.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर आईबरोबर बाजारात गेले होते. हिरामावशी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात सुकेळी. कमी होती आणि रंगाने काळपट होती. आईने विचारलं, तर म्हणाली, पानी कसलं, केळ पोसतच नाय. मी खाली बसले. मला काय बोलायचं होतं ते मी वर्षभर पाठ केलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो वंदू, वाळलीस," आणि माझ्यासाठी बोचकं बांधायला घेतलं. सोपटं नव्हती, बाग तेवढी उरली नव्हती. तिने मांडीखालून कागद काढला. पिवळा.

आईने तो ओळखला आणि हळूच म्हणाली, "हिरे, अगं हा..."

"म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "लई उरलेत. कागद चांगला हाय तुमचा, फाटत नाय."

घरी येऊन आईने ते बोचकं स्वयंपाकघरात नेलं नाही, मशीनच्या खोलीत बाकावर सोडलं. सुकेळ्यांचा पाक कागदात मुरला होता. मजकुराच्या ओळी तांबड्या डागात बुडाल्या होत्या, मावशीचं नाव तर केळ्यालाच चिकटून निघून आलं होतं. दादांनी कागद उजेडात धरला. चष्मा न लावताच त्यांना दिसलं असावं. तळाची एकच ओळ कोरडी राहिली होती, मुद्रकाची. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि हात न धुताच मशीनकडे गेले.